स्वयंपाकघरातला थोरला खडक

सोमवार, ३ मार्च
आधी आल्या त्या कुठल्याशा कॉलेजातल्या मॅडम. चपला काढल्या न काढल्या तोच माझ्या स्वयंपाकघरात पालथ्या पडल्या! मला वाटलं, घेरी आली. तर भिंग लावून जमिनीतून वर आलेला आमचा खडक बघत होत्या! मागोमाग शेजारीण — “काय हो, कानातली कुडी हरवली का यांची?” म्हटलं, नाही, दगड सापडलाय!
घर बांधताना तो फुटेना, म्हणून ह्यांनी त्याच्याभोवतीच घर बांधलं. तेव्हापासून भाजी निवडायला मी त्यावरच बसते. सूनबाई मात्र रोज ठेचकाळते आणि रोज त्याचा उद्धार करते. म्हणून शुक्रवारी गवंडी तो फोडणार, वर गुळगुळीत फरशी. मुलाने ठरवून टाकलंय. मला कोण विचारतंय!
मॅडमना इथला पत्ता कुणी दिला, कोण जाणे.

मंगळवार, ४ मार्च
मॅडम पुन्हा, सोबत एक विद्यार्थिनी. तिने खडक चाटला! “अगं, पाणी देते ना!” “ओला केला की रंग दिसतात, आजी.”
मॅडम कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात; सांगतात, हा आधी समुद्रातला चिखल होता. मग खोल गाडला गेला. वरून डोंगराएवढा दाब, खालून आच. वितळला नाही, पण पार बदलला — माझ्या निऱ्यांसारखे पट्टे पडले, लाल खडे उगवले. पुढे पुन्हा एकदा तापला! तीनशे कोटी वर्षं झाली म्हणे.
म्हटलं, वरून दाब, खालून आच — हा तर सासुरवास!
मोरीतून सूनबाई — “मग माझ्यातही खडे असतील, बघा की मॅडम!”

बुधवार, ५ मार्च
एवढ्या वडीलधाऱ्याच्या डोक्यावर इतकी वर्षं बसले! आज आधी नमस्कार केला. मग बसले.

गुरुवार, ६ मार्च
जेवताना मुलाला म्हटलं, राहू दे रे तो. तीनशे कोटी वर्षांचा आहे.
“मग पुरे झालं की, आई!”
सूनबाईने भांडी तेवढी आपटली. तिलाही फोडायलाच हवाय, दुसरं काय!

शुक्रवार, ७ मार्च
गवंडी घण घेऊन आला, तर खडकावर मॅडम ठिय्या मारून! म्हणाल्या, इथल्या जमिनीच्या पोटात काय काय घडलं ते सांगणारा उघडा खडक आसपास हा एवढाच. बाकी सगळ्यांवर घरं उभी आहेत.
खडक तीनशे कोटी वर्षांत वितळला नाही. मुलगा दहा मिनिटांत वितळला! गवंडी चहा पिऊन गेला.

शनिवार, ८ मार्च
काल निघताना मॅडम हळूच म्हणाल्या, “फोन तुमच्या सूनबाईंनीच केला होता. ‘सासूबाईंची बसायची जागा आहे, काहीतरी करा,’ म्हणाल्या.”
मॅडम बुधवारी परत येणार आहेत. आता सूनबाईशी भांडायला दुसरं काहीतरी शोधायला हवं!