पाचव्या भागातला आवाज

४ नोव्हेंबर

पाठवली एकदाची टेप! पोस्टातून परतताना दोनदा वाटलं, मागे फिरावं आणि काउंटरवरून उचलून आणावी.

‘शनीचे पहारेकरी’ या जुन्या टीव्ही मालिकेचा पाचवा भाग कुठेच उरलेला नाही — वाहिनीने तेव्हाच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. उरलाय तो नुसता आवाज. बारा वर्षांचा असताना मीच टीव्हीसमोर माइक धरून टिपलेला. आता सगळी मालिका डिस्कवर येतेय. त्या आवाजाला नवी चित्रं जोडणार म्हणे.

पण मला पहारेकऱ्यांचं काय! त्यात आई आहे. ऐन प्रसंगात मला चहाला हाक मारते. त्याच हिवाळ्यात ती गेली. टेप वाजवायचं यंत्रही मग लवकरच मोडलं.

५ नोव्हेंबर

शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ. आईचा आवाज आठवत नाही.

१० नोव्हेंबर

थोरली बहीण विनी पार्किन, म्हणजे आल्याचा केक, घेऊन आली. मी सारखा खिडकीशी, पोस्टमनची वाट बघत. “टेप इतकी वर्षं कपाटात कुजत होती, तेव्हा कुठे गेली होती तुझी काळजी?” म्हणाली. बाबांचा विषय निघाला. मी म्हटलं, मालिका लागली की ते तोंड वाकडं करून बाहेर पडायचे. मी शाळेतल्या कविता म्हणू लागलो तरी तीच गत. विनी केक कापत राहिली. “तुला तसं आठवतं,” एवढंच बोलली.

१९ नोव्हेंबर

डिस्क काढणाऱ्या कंपनीतून फिलिपाबाईंचा फोन. उत्साहात होत्या — घरातले सगळे खाटखूट आवाज काढून टाकले, अगदी काचेसारखं स्वच्छ झालंय! टेप मात्र एकदा वाजवल्यावर हातातच भुगा झाली.

मी म्हटलं, “त्यात माझी आई होती हो.”

त्या म्हणाल्या, साफ करण्याआधीची नक्कल कुठे उरली असेल तर शोधते, शब्द देत नाही.

२८ नोव्हेंबर

फाटकापर्यंत फेऱ्या. पोस्टमन मला बघून दुरूनच मान हलवतो.

१३ डिसेंबर

डिस्कसंच आला! सोबत एक साधी, बिननावाची डिस्क. टेबलावर ठेवलीय. धीर होत नाही. आई नसलीच त्यात, तर?

१४ डिसेंबर

ऐकली. आई आहे — लांबून, स्वयंपाकघरातून: “एडविन, चहाला ये!”

आणि माइकच्या अगदी जवळून बाबांची कुजबुज: “हळू, एडिथ. पोराचं काम चाललंय.”