भोंगा वाजला की निघायचं कुणी

यॅराबिन, टेकडीखालून

प्रिय डल्सीताईस मर्वचा नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? स्टॅन भाऊजींची दुपारची झोप पूर्वीसारखीच गाढ असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल. गवत मात्र इतकं वाळलंय, की त्याच्याकडे कुणी रागानं पाहिलं तरी पेटेल. आई ठणठणीत आहे, आणि हे पत्र बरंचसं तिच्याविषयीच आहे. मागायचं काही नाही गं, सहज लिहितोय. (हसू नकोस.)

तर झालं असं. आपल्या वणवा दलाची वार्षिक सभा भरली असताना एक गिऱ्हाईक पाण्याच्या टाकीचा भाव विचारायला बाहेर आलं, आणि मी जरा उठून गेलो. सभेतून उठलेल्या माणसाच्या गळ्यात काय पडतं ते तुला माहीत आहे. बाबा असेच एकदा लघवीला गेले आणि खजिनदार होऊन परतले. मी टाकी विकून आत येतो तर टाळ्या चालू! गावाला वणव्यापासून शहाणं करायच्या समितीचा मी अध्यक्ष झालो होतो. "तुझा धंदाच पाण्याचा," कप्तान नॉरिस म्हणाला, "लोकांना घाबरवणं तुला जमतंच." मीही मनावर घेतलं. घरोघरी गेलो. छपराच्या पन्हळीतला पाला काढा, सरपण भिंतीपासून लांब रचा, दाराशी पायपुसणंसुद्धा ठेवू नका. लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि मी फाटकाबाहेर पडलो की पुन्हा खुर्चीत बसले. (दोन टाक्या खपल्या, ते वेगळं.)

मग जिल्ह्याच्या कार्यालयातून प्रीस नावाच्या बाई आल्या. वयानं लहान, बूट नवे, गळ्यात शिट्टी. त्यांच्या मते गावाची रंगीत तालीम व्हायला हवी. शनिवारी सकाळी दलाचा भोंगा वाजेल, तो ऐकताच प्रत्येकानं कागदपत्रं, औषधं आणि जनावरं घेऊन गाडीनं गावाबाहेर पडायचं, खालच्या रस्त्यानं सरळ नदीकडे. पत्रकं मीच वाटली. सगळ्यांनी वाचली, माना डोलावल्या. इथं आमची दोघांची, म्हणजे प्रीसबाईंची आणि माझी, एक बारीकशी चूक झाली. त्या शहरातल्या, त्यांचं समजू शकतो. पण मी तर याच भोंग्याच्या आवाजात लहानाचा मोठा झालो, मला कळायला नको होतं का?

भोंगा वाजला. आणि ताई, सगळं गाव निघालं! त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त निघालं ते दलाच्या शेडकडे. आजोबांच्या काळापासून भोंगा वाजला की हातातलं टाकून शेडकडे धावायचं, हे ज्यांच्या हाडात मुरलंय, ते एका पत्रकानं उलट्या दिशेला कसे वळणार? जो तो आपल्या छोट्या ट्रकवर पाण्याची टाकी लादून आला (बहुतेक टाक्या माझ्याच दुकानातल्या, एक गळत होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही). म्हातारा हेक्टर तर पायजम्यावर हेल्मेट घालून आला. मदतीला आलेल्यांची इतकी दाटी झाली, की बंबाला शेडमधून बाहेर पडता येईना. नॉरिस बंबाच्या टपावर चढून ओरडतोय, "अरे, घरी जा! म्हणजे घरी नको! लांब जा!" आणि खालून लोक विचारताहेत, "आग कुठल्या अंगाला आहे, ते सांग आधी!" नदीकडच्या रस्त्यावर प्रीसबाई हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. तिथवर पोचली ती एकच एक मेंढी, तीही मालकाशिवाय.

आणि या गर्दीच्या मधोमध, घडीचं टेबल मांडून, आपली आई. गार मटण आणि लोणचं घातलेल्या सँडविचचा ढीग समोर. प्रीसबाई तणतणत आल्या, "आजी, तुम्ही आत्ता इथे असायलाच नको होतं!" आईनं एक सँडविच त्यांच्या हातात दिलं. "आधी खा, मग रागव. उपाशी पोटी राग बाधतो." बाईंनी खाल्लं. दुसरंही खाल्लं. तालीम तिथंच संपली.

हसून झालं, तेव्हा नॉरिसनं मला बाजूला घेतलं. तो असा बाजूला घेत नाही कुणाला. म्हणाला, "मर्व, तुझी आई टेकडीच्या टोकाला राहते. वर जायला एकच वाट, दोन्ही अंगांना निलगिरीची तेलकट झाडं. उत्तरेचा तापलेला वारा सुटला त्या दिवशी मी त्या वाटेनं कुणालाही पाठवणार नाही. तुलासुद्धा नाही." नंतर गळत्या टाकीचा नळ उगाच आवळत बसलो.

त्या आठवड्यात आईला मी तीन तऱ्हांनी समजावलं. पत्रक वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "अक्षर फार बारीक आहे." बाबांची आण घातली, तर म्हणाली, "ते असते तर इथंच थांबले असते." हात जोडले, तेव्हा म्हणाली, "मी खाली गेले तर दलाच्या पोरांना खायला कोण घालणार?" (पोरांपैकी हेक्टरला पणतू आहे.)

मग मला धंदा आठवला. गिऱ्हाइकाला भीती विकून टाकी खपत नाही. शेजाऱ्यानं घेतली म्हटलं की लगेच खपते. चहा घेता घेता सहज म्हणालो, "आई, वणव्याच्या वाईट दिवसांत दलाचं खाणं आता नदीपलीकडे ब्रॅकनफर्डला करायचं ठरतंय. सकाळी वारा सुटायच्या आत तिथं पोचून कामाला लागायचं. मुख्य म्हणून मी एल्मा टर्नबुलचं नाव सुचवलंय."

आईनं कप खाली ठेवला. "एल्मा? पावाला लोण्याचा नुसता वास देते ती! माझ्या पोरांना उपाशी मारायचंय का तुला?"

तेव्हा मुख्य आईच झाली. वाईट दिवशी गावातून सगळ्यांत आधी तिची गाडी निघणार, असा शब्द तिनं दिलाय. प्रीसबाईंनी माझी पाठ थोपटली. शिवाय आता निघायची खूण म्हणून भोंग्याऐवजी चर्चची घंटा वाजणार आहे. इथं ती ऐकून कुणी कधी आत धावलेलं नाही.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
मर्व

ता. क. – ब्रॅकनफर्डला जागा कोणती, असं आईनं विचारलं तेव्हा तुझ्या स्वयंपाकघराशिवाय दुसरं काही सुचलं नाही. तुझं टेबल मोठं आहे, हे मी पूर्वीपासून सगळ्यांना सांगत आलोय. फक्त उन्हाळाभर. त्यातही वाईट दिवशीच.

आणखी एक – आईचा काकाकुवाही येईल. हल्ली तो भोंग्याची हुबेहूब नक्कल करतो, बहुधा जेवणानंतर. भाऊजींना आधी कल्पना देऊन ठेव.

शेवटचं – उद्याचा अंदाज वाईट आहे. पोस्टाच्या भरवशावर राहायला वेळ नाही, म्हणून हे पत्र आईच्याच हाती देतोय. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी आहे. तिला आत घे, ताई.

*

डल्सी, पाकीट धड चिकटवलेलं नव्हतं, वाटेत वाचलं. एवढ्या लांबून वणव्यापर्यंत सँडविच कोण नेणार, हे मला कळत नाही असं मर्वला वाटतं. एल्माचं नाव घेताना त्याच्या कपातला चहा बशीत सांडत होता. त्याच्या बाबांचाही काळजीत असाच सांडायचा. म्हणून मुकाट्यानं निघाले. एल्मालाही बरोबर आणलंय, ती नुसता पाव कापेल. गावाला शहाणं करणाऱ्या तुझ्या भावाच्या पन्हळीत दोन हंगामांचा पाला होता. सकाळी निघण्याआधी मी शिडी धरली, हेक्टरनं काढला. मर्वला सांगू नकोस. तो बंबावर आहे. वारा सुटलाय. लोणी काढ, आणि फोन माझ्या हाताशी ठेव. – आई