रिकामा बार

शहाणे,

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत तू समोर येऊन बसलीस आणि तुला दाखवायला म्हणून मी दहा किलो वाढवून मागितले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. खांदा निखळला. तू धावत आलीस, तर सगळ्यांदेखत तुझ्यावरच खेकसलो, "हात जोडून बसली होतीस ना? कुठे गेला तुझा देव?" तू पुन्हा आली नाहीस. मीही रागारागात कॉलेज सोडलं.

आता दिवसभर टायरच्या दुकानात असतो. संध्याकाळी वेटलिफ्टिंगच्या सरांनी त्यांच्या व्यायामशाळेत परत घेतलं, पण अट घातली, "नुसता बार उचलायचा. मी सांगेपर्यंत वजनाची एक चकतीही नाही." शेजारी सराव करणारी शाळकरी पोरं विचारायची, "दादा, त्यावर टॉवेल वाळत घालू?" पूर्वी कॉलर धरली असती. आता म्हणायचो, "घाल, पण पिळून घाल."

हसू नकोस, पण बार धरण्याआधी मीही हात जोडतो. पदक मागत नाही. सुरुवातीला तुला मागायचो, तेही सोडलं. पेलेल तेवढंच मागायची बुद्धी दे, म्हणतो. खोलीवर बोलायला कोणी नसतं, म्हणून तिथेही देवाशीच बोलतो. गेल्या आठवड्यात सरांनी स्वतः चकत्या चढवल्या. खांदा टिकला.

आज निवड चाचणी आहे. तुला बोलवायलाच लिहायला बसलो होतो. पण तू आलीस, तर मी पुन्हा दहा किलो वाढवीन. मी मला ओळखतो. म्हणून हे पत्र उशीखाली ठेवतो, बूट घालतो आणि दार ओढून घेतो.

तूच नाव ठेवलेला,
भडक्या