काचेच्या कपाटातल्या दोन डझन बाटल्या

२ मार्च १९७३

झालं एकदाचं उद्घाटन! सोसायटीचा दवाखाना. चेअरमन राधाकिशनरावांनी फीत कापली आणि तासभर बोलले — गोरगरिबाला आता औषधासाठी केज-अंबाजोगाई गाठायला नको. खरंच नको. डॉक्टर इथेच येणार, दर मंगळवारी. बाकी सहा दिवस मी, कंपाउंडर. दुखणाऱ्यांनी मंगळवार बघून दुखावं.

भिंतीला काचेचं कपाट, त्यात दोन डझन कोऱ्या, रिकाम्या बाटल्या. जिल्ह्याचे साहेब बघून जाईपर्यंत हात लावायचा नाही, असा चेअरमनचा हुकूम. किल्ली माझ्या करगोट्याला. केवढा मान!

६ मार्च

मंगळवार. डॉक्टर नाहीत. जीप चेअरमनच्या व्याह्यांना आणायला गेलेली.

८ मार्च

दुष्काळी कामावर खडी फोडणारी सारजाबाई आली, दोन कोस चालत. नवऱ्याला, आसारामला, पहाटेपासून जुलाब-उलट्या. तिथे प्यायला डबक्याचं पाणी, दुसरं काय होणार! औषध तयार होतं. बाटली मागितली तर बाईने पदराखालून गाडगं काढलं. "ह्यात द्या की. घरात बाटली न्हाई."

गाडग्याला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कुठे चिकटवू? नियम म्हणजे नियम, बाटली पेशंटने आणायची. धाडलं परत. गाडग्यात औषध! मला हसूच आलं.

९ मार्च

बाई बाटली घेऊन हजर. चेअरमनच्या परसातून आणली. तिथे दारूच्या रिकाम्या बाटल्यांची रास आहे म्हणे. वस्तीवर पाण्याचा टँकर पोचत नाही, त्यांच्याकडे हे बरोबर पोचतं. राखेने घासून लख्ख केली होती. औषध भरलं, पट्टी चिकटवली, सहा डोस. नियम पाळला की सगळं कसं सुरळीत होतं!

१२ मार्च

साहेब आज येणार होते. पुढच्या महिन्यात येतील. मी बाटल्या पुसून ठेवल्या.

१३ मार्च

डॉक्टर आले. पेशंट नाहीत म्हणून चहा घेऊन गेले.

दुपारी सारजाबाई आली. बाटली टेबलावर ठेवली. सहाच्या सहा डोस तसेच.

"मी बाटली घिऊन पोचले तवर मालक गेलते. औषध वाया कावून घालायचं? दुसऱ्या कुनाला द्या."

पदर खोचून ती परत दोन कोसांच्या वाटेला लागली.

ती गेल्यावर कपाट उघडलं. चोवीसही बाटल्या बाहेर काढल्या. किल्ली इतके दिवस माझ्याच कमरेला होती.