पट्टीनं मोजलेला चौकोन

कान्हे

प्रिय सृष्टी,

तू रागावशील, तरी आधी तेच लिहिते. दिवाळीला तू माझ्याकडे ठेवायला दिलेला तुझा प्रोसेसर माझ्या हातून मोडला. सासरच्यांनी तुझा कॉम्प्युटर विकला, एवढाच वाचवला, म्हणत तू तो रुमालातून काढला होतास. लोणावळ्याच्या हॉटेलातल्या नोकरीच्या पहिल्या पगाराची तुझी वस्तू. मी देव्हाऱ्यात ठेवली होती गं.

तुझ्या भावाचा, स्वराजचा, जुना कॉम्प्युटर पडूनच आहे. वाटलं, त्यात तुझा बसवून ठेवावा, पुढच्या खेपेला आलीस की चार दिवस तुझं काम करशील. दुकानात कशाला न्यायचं? दोन्ही चौकोन पट्टीनं मोजले, अगदी सारखे. तू काढायचीस तसा पंखा काढला, जुना उचलला, तुझा ठेवला. बसेना. देवाचं नाव घेतलं आणि अंगठ्यानं दाबला.

मग दोन्ही घेऊन लोणावळ्याला प्रितमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. त्यानं तुझा प्रोसेसर भिंगाखाली धरून कपाळाला हात लावला. म्हणाला, मावशी, आकारावर काय जाता? ह्या बोर्डाला साडेनऊशेच्या आत भोकं, ह्या प्रोसेसरला तेराशेच्या वर पिना, कसा बसंल? त्याच्या जागी असला तर नुसता ठेवायचा, आपसूक उतरतो. दाबायचा नसतोय. मी विचारलं, पिना सरळ होतील का? वाकलेल्या होतील, म्हणाला, तुटलेल्यांचं काय करू? वर हसून म्हणतो, तुमच्या बोर्डाला मात्र काय बी झालं न्हाई बघा.

तेव्हापासून जेवण जात नाही. तुझं स्थळही मी असंच मोजून पाहिलं होतं. शेती, घर, माणसं, सगळं आपल्या तोडीचं. लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हा मनगट सुजलेलं होतं. मी हळद लावली आणि म्हणाले, जमवून घे. दिवाळीला तू काही बोललीच नाहीस, मीही विचारलं नाही. दोन्ही वेळा ओटी भरली आणि इंदुरीला सासरी परत धाडलं.

बारा दिवस तुझा फोन सासूबाई उचलतात, तू कामात आहेस म्हणतात. म्हणून हे पत्र प्रितमच्या बहिणीच्या, अनिताच्या हाती देते आहे. ती तुमच्याच आळीत राहते. देवापुढं बसते, पण मागायला तोंड उरलेलं नाही. उशीर झाला नसेल ना, एवढंच सारखं मनात येतं. पत्र मिळताच तिच्याबरोबर नीघ, सामान राहू दे. तुझ्या ओटीचे म्हणून वेगळे ठेवलेले तांदूळ मी आज शिजवून टाकले.

तुझीच,
आई