बाबांची कडेची चाल

४ फेब्रुवारी

गाईड मॅडमनी गणिताचा प्रबंध परत दिला! तिसऱ्या प्रकरणापाशी पेन्सिलीने एकच ओळ – "तुझा समोरचा इतका भोळा कसा?" दोन मार्चपर्यंत मुदत. सिद्धता उभी राहिली नाही, तर पाच वर्षं पाण्यात.

५ फेब्रुवारी

माझी सिद्धता म्हणजे दोघांचा खेळच, त्यात समोरचा म्हणून बाबांनाच बसवलं. निवृत्त शिंपी, वेळच वेळ! कागदावर लाल ठिपके काढले – हे माझे वर्ज्य अपूर्णांक, सगळे मूळ जागेवरून जरासे सरकवलेले. प्रत्येकाभोवती छोटं कुंपण. तुम्ही चकती ठेवा, तिच्यावर मी लहान ठेवते, तिच्यावर तुम्ही आणखी लहान. खालच्या चकतीबाहेर जायचं नाही. शेवटी उरेल तो बिंदू कुंपणाबाहेर राहिला की मी जिंकले. तुम्ही कसेही खेळलात तरी मीच जिंकते, हे सिद्ध करायचंय.

"मग खेळायचं कशाला?" – बाबा.

विद्यापीठात हे कुणी विचारत नाही, तेच बरं.

कॉलरीत घालतात त्या जाड बक्रमच्या चकत्या त्यांनीच कापल्या, बाटल्यांची झाकणं दाबून धरून. अगदी गोल!

९ फेब्रुवारी

हरले. शिंप्याकडून!

१० फेब्रुवारी

पाचातले तीन डाव हरले. बाबा दर वेळी नखाने माझ्या चकतीची कड चाचपतात आणि आपली तिला चिकटवून ठेवतात. मधोमध म्हणून नाही! म्हटलं, "मध्ये एवढी जागा आहे की!"

"शिवण कडेनंच घालतात."

हट्टी म्हणजे किती! त्यात आज सदरा उलटा. जन्मभर लोकांना नटवलं आणि स्वतःची ही तऱ्हा. हसले तर म्हणतात, "शिवण दाखवतोय. बघ, पक्की आहे की नाही!"

१७ फेब्रुवारी

सापडलं! मी फक्त चकतीच्या आतले ठिपके मोजत होते. बाहेरच्या ठिपक्याचं कुंपण कडेवरून आत येतं, हे ध्यानातच नाही! न सरकवलेल्या अपूर्णांकांत शेजारी लांब असतो, म्हणून खपून गेलं असतं. सरकवले की शेजारी अगदी उंबऱ्यात. आणि बाबा नेमके तिथेच जाऊन बसतात! आता दोघांना एकाच चालीत चुकवायचं, म्हणजे माझी चकती आणखी लहान हवी. बस्स, एवढंच.

बाबांना सांगितलं, तुम्ही फार पोहोचलेले आहात. खूश झाले.

२ मार्च

मॅडमनी तीनदा वाचलं. "आता समोरचा बेरकी झाला. कोण हा?" म्हटलं, घरचाच आहे. वीस तारखेला तोंडी परीक्षा!

६ मार्च

बाबा परीक्षेला येणार. पहिल्या रांगेत बसणार म्हणे. मग चष्मा नको का नवा? जुन्याची दांडी दोऱ्याने बांधलीय – शिंप्याचा इलाज! उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेते. नाही नाही म्हणत होते. ऐकते कोण.

७ मार्च

चष्म्याने भागणार नाही, म्हणाले डॉक्टर. जवळचं गेले सहा महिने तरी दिसत नसणार.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "सांगितलं असतं, तर अभ्यास सोडून दवाखाने धरले असतेस तू."

"आणि ते लाल ठिपके, बाबा?"

"ते कधी दिसलेच नाहीत गं. तू 'हरले' म्हणायचीस, तेव्हा कळायचं मी जिंकलो."