शकिलाबीच्या प्लॉटवरचं माझं घर

४ जून
मोजणी झाली एकदाची. बिनपरवान्याची आमची गुंठेवारी नियमित झाली की घर नावावर. पण टेपवाला इंजिनिअर म्हणतो, मावशी, तुमचं घर शेजारणीच्या प्लॉटवर आहे आणि तिचं तुमच्या! हसूच आलं. प्लॉट घेतले तेव्हा सगळा माळ होता. विकणाऱ्यानं मारलेल्या चुन्याच्या रेघा वाऱ्यानं पुसल्या. ह्यांनी आणि शकिलाबीच्या नवऱ्यानं अंदाजानं पाया खणला, एकमेकांना विटासुद्धा दिल्या. आता दोघंही नाहीत, शिव्या कुणाला देणार?

५ जून
शकिलाबी सकाळीच आली, रडवेली. तिचं घर रोडला, पुढं किराणा.
"कागज तो तुमारा है ताई. अब हमना निकालते क्या?"
म्हटलं, बस, चहा घे. जिनं भिंती लिंपल्या, घर तिचं. अदलाबदलीचा दस्त करू.

८ जून
विशालला सांगितलं. पोराचे डोळेच फिरले. रोडची जागा आयती चालून आली म्हणतो. प्लॉट घेतल्याचा बाँड ह्यांच्या नावाचा, वारस आम्ही दोघं मायलेक. त्याच्या सहीशिवाय दस्त होत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक.
"आई, कागद आपला हाय. मंग लाजायचं कशाला?"
"इतकी वर्षं कागदावर झोपला का रं तू?"
जेवला नाही. मी जेवले.

११ जून
अबोला. गुलमंडीच्या दुकानाचे परकर शिवून संपवले. रागात मशीन छान चालते.

१५ जून
दोघी रिक्षानं औरंगपुऱ्यात, वकिलाकडे. मसुदा तयार, सह्या नि नोंदणी परवा. माझं पूर्ण नाव, पुढं 'मालक'. दोनदा वाचायला लावलं, फार बरं वाटलं. वकिलानं मुलाचं विचारलं. येतो की, म्हटलं. छातीठोक. शकिलाबी माझ्याकडे बघतच राहिली.

१६ जून
विशालनं मसुद्याला हात लावला नाही. संध्याकाळी किराण्यासमोर उभा होता, दुकानाची रुंदी नजरेनं मोजत. फार वाईट वाटलं.
रात्री ताटावर बसून त्यानंच विचारलं, "उद्या किती वाजता जायचं?"
अकराला, म्हटलं. सही करायला येतोय की अडवायला, विचारलं नाही. माझं पोर आहे, करेल. नाहीच केली, तर त्याच्याच कागदाप्रमाणे आपण दोघं शकिलाबीच्या जागेत राहतो, तिनं उठ म्हटलं तर उठायचं. एवढं उद्या रिक्षात सांगते.